‘फटकळ’ यांना उत्तर, जरा सविस्तर

‘फटकळ’ महाशय (किंवा महोदया, टोपणनावावरून कळायला मार्ग नाही),

साठच्या दशकातल्या रॉकवरच्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी इथे देतो: "काका, पुरे आता. साठ सालचं रॉक म्हणजे काळ्यांच्या ब्लूजवर मारलेला डल्ला. रेकॉर्डिंगही भिकार. गिरगावच्या चाळीत बसून बीटल्स ऐकायचे ते चारचौघांत मिरवायलाच, शब्द तरी कळत होते का? आपल्याकडे भीमसेन, वसंतराव असताना..." पुढे तीन टिंबं आणि एक दात काढलेला चेहरा.

आधी ‘काका’. मला काका म्हणणारी माणसं भरपूर आहेत. भावाची मुलं आहेत, सोसायटीतली पोरं आहेत, आणि त्यांच्या तोंडून ते ऐकायला मला आवडतं. तुमचा काका त्यातला नव्हे. तो ‘काका, जरा बाजूला व्हा’मधला आहे. टीका करायला कोणाचीच ना नाही. रोलिंग स्टोन्स रटाळ आहेत, डोअर्स म्हणजे नुसता धूर, असं त्या काळच्या बँडांबद्दल लिहिणाऱ्यांशी मी इथेच तासन्‌तास वाद घातलाय आणि नंतर त्यांच्याबरोबर चहाही प्यायलोय. पण समोरच्याचं वय काढून तोंड उघडायचं आणि शेवटी दात विचकायचे, याला कोणी परखडपणा म्हणत असेल तर म्हणो. आमच्याकडे त्याला दुसरा शब्द आहे. तो इथे लिहीत नाही.

ब्लूजचं म्हणाल तर ते मूळ लेखातच आहे. रोलिंग स्टोन्सनी आपलं नावसुद्धा मडी वॉटर्स या काळ्या ब्लूजगायकाच्या गाण्यावरून घेतलं आणि १९६३ची त्यांची पहिली रेकॉर्ड चक बेरी या काळ्या रॉक अँड रोल गायकाच्या गाण्याची होती, हे मीच लिहिलंय. तुम्ही तिथवर वाचलं नसावं. रेकॉर्डिंगबद्दल काय बोलणार? बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ हा अख्खा अल्बम फक्त चार ट्रॅकच्या, म्हणजे टेपवर आवाजाच्या चारच पट्ट्या घेणाऱ्या यंत्रांवर झाला एवढं सांगतो, हेडफोन लावून पुन्हा ऐका. आणि भीमसेन, वसंतराव मी तुमच्या जन्माआधीपासून ऐकतोय. त्यात ‘असताना’ कुठून आलं ते मला कळलेलं नाही.

आता ते मिरवण्याचं वाक्य.

आमच्याकडे मामांचा चावीचा फोनो होता. त्यांनी तो बालगंधर्वांच्या तबकड्यांसाठी घेतलेला. विलायतेत ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या १९६०च्या सुमारास बंद पडल्या, पण आपल्याकडे वीज नसलेल्या घरांत चावीचे फोनो चालू होते, त्यामुळे कलकत्त्याजवळच्या डमडमच्या रेकॉर्ड कारखान्यातून त्या निघतच राहिल्या. त्यात बीटल्सही निघाले. ‘आय वाँट टू होल्ड युवर हँड’ लाखेच्या जाड, जड, हातातून पडली की फुटणाऱ्या तबकडीवर! आज जगभरचे संग्राहक या भारतीय तबकड्यांच्या मागे असतात. मी ती त्याच फोनोवर लावायचो. प्रत्येक वेळी पीन बदलायची, कारण बोथट पिनेने तबकडी खरवडली जाते आणि मामा खरवडतात. आणि भोंग्यात वडिलांची बंडी कोंबायची. का? तर शेजारच्या जोशीकाकूंना ऐकू जाऊ नये म्हणून. (हे काकू म्हणणं आदराचं आहे, नमुना म्हणून पाहून ठेवा.) भोंग्यात बंडी कोंबून, भोंग्यालाच कान लावून बसलेला चौदा वर्षांचा मुलगा नेमका कोणासमोर मिरवत होता, हे तुम्ही मला समजावून सांगाल का?

रेडिओचंही तेच. बुधवारी आठ वाजता बिनाका गीतमाला, ती सगळ्या मजल्याची. त्या वेळी आवाज मोठा, दार उघडं, गॅलरीत माणसं. रेडिओ सिलोनच्या इंग्रजी सेवेवरची हिट परेड मात्र माझ्या एकट्याची, आवाज अगदी बारीक. शॉर्टवेव्हवर गाणं भरतीसारखं यायचं आणि ऐन अंतऱ्यात ओसरायचं. १९६५मध्ये स्टोन्सचं ‘सॅटिस्फॅक्शन’ पहिल्यांदा लागलं तेव्हा ती गिटार ऐकून वडिलांनी उठून मर्फी रेडिओच्या डोक्यावर दोन थापा मारल्या. त्यांना वाटलं स्पीकरचा पडदा फाटला. पुढे कळलं की स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्‌सने तो आवाज मुद्दाम फझच्या पेटीतून फाटका काढला होता. आणि आदल्याच वर्षी किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिसने तर खरोखरच ब्लेडने स्पीकरचा कागद चिरला होता. म्हणजे वडिलांचं निदान फार चुकीचं नव्हतं.

शब्द. अर्धेमुर्धे कळायचे, हे मान्य. मराठी शाळेतला मुलगा, त्यात बीटल्सचे लिव्हरपूलचे उच्चार, त्यात शॉर्टवेव्ह. घ्या, एक गुण तुम्हाला. पण शब्द कळल्याशिवाय गाणं कळत नाही हा नियम कोणी केला? तुमचे ते भीमसेन-वसंतराव, त्यांच्या विलंबित ख्यालातले ब्रजभाषेतले शब्द तुम्ही अर्थासकट सांगता का? मला तरी अजून पहिल्या ओळीच्या पुढे जाता येत नाही, आणि त्याने माझं काही अडलेलं नाही.

माझ्या आईला इंग्रजीचा गंध नव्हता. लग्नाआधी ती गाणं शिकलेली. घरात विजेचा रेकॉर्ड प्लेअर आला तेव्हा थोरल्या भावाने मित्राकडून बीटल्सची ‘रिव्हॉल्व्हर’ आणली. शेवटच्या गाण्याला आई कणीक मळता मळता थांबली. म्हणाली, "तंबोरा लागलाय की. आणि हा मेला सा सोडतच नाही." भावाला ते विक्षिप्त आवाज ऐकून हसू येत होतं, मी ढोलांत अडकलेलो, आणि आईने एका वाक्यात गाण्याचा पाया सांगून टाकला. त्या गाण्यात खरंच तंबोरा आहे आणि ते जवळजवळ सगळं एकाच स्वरावर उभं आहे. हे मी नंतर इंग्रजी पुस्तकांत वाचलं. आई कोणाला मिरवून दाखवत होती? कणकेला?

आणि तुम्ही ज्याला ‘आपल्याकडे’ म्हणता ना, ते यांच्यापासून फार लांब नव्हतं. जानेवारी १९६८मध्ये बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण करत होता. बासरीवर हरिप्रसाद, संतूरवर शिवकुमार. त्यातल्या एका चिजेवर तो लंडनला परत जाऊन गायला आणि मार्चमध्ये ती बीटल्सच्या ‘लेडी मॅडोना’ या तबकडीच्या मागच्या बाजूला बाजारात आली. आम्हाला पत्ताही नव्हता. आम्ही त्याच शहरात खरखरणाऱ्या सिलोनला कान लावून बसलेलो. मिरवणारे असतो तर स्टुडिओच्या दारात उभे नसतो राहिलो?

कॉलेजात गेल्यावर मी फुलाफुलांचा शर्ट घालून गिटार खांद्याला लावून हिंडायचो, हे माझ्याच जुन्या लेखात आहे आणि कोणीतरी ते उकरून काढेलच. तो भाग वेगळा. तेव्हा सगळेच हिंडायचे. सिमला सिगारेटवाल्यांच्या बीट (म्हणजे रॉक बँडच्या) स्पर्धेत शिलाँगची पोरं वाजवत होती, मद्रासची वाजवत होती. त्यांनाही तुम्ही मिरवणारेच म्हणणार असाल तर मग पुढे बोलणंच खुंटलं. शिवाय ती गिटार मला वाजवता यायची. तीन कॉर्ड, पण यायची.

पुढचा लेख ठरल्याप्रमाणे स्टोन्सच्या १९६४च्या शिकागो वारीवर आणि तिथल्या चेस या ब्लूजवाल्यांच्या स्टुडिओवर आहे. तो तुमच्या प्रतिक्रियेमुळे लिहितोय असा गैरसमज नको, त्याची घोषणा आधीच झाली होती. ब्लूजबद्दल काही म्हणायचं असेल तर तिथे म्हणा, स्वतःच्या नावानिशी म्हटलंत तर अधिक बरं.

आणि हो, काल रात्री उशिरा पाठवलेली तुमची दुसरी प्रतिक्रियाही मिळाली, ती माझ्या इंग्रजीबद्दलची. ती मी प्रकाशित केलेली नाही आणि करणारही नाही. तिच्यात ‘साउंड’चं स्पेलिंग चुकलंय, तेवढं पाहून घ्या.