मॅकेन्झीबाईंचा एक तारा

दुकान नवऱ्याचं. त्या दुकानात विकायला ठेवलेलं पुस्तक त्याच दुकानाच्या इतिहासाचं. आणि पुस्तकाखाली बायकोने जाहीर दिलेला अभिप्राय: पाचपैकी एक तारा. नोव्हेंबर २०१३ मध्ये ॲमेझॉनवर हे खरंच घडलं. पुस्तक होतं ब्रॅड स्टोन यांचं 'द एव्हरीथिंग स्टोअर', आणि अभिप्राय ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांच्या पत्नी मॅकेन्झी बेझोस यांचा. (घटस्फोट २०१९ चा. तेव्हा संसार सुरळीत चालू होता.)

आमच्या वाचनगटात परवा हेच पुस्तक निघालं आणि बारा-तेरा वर्षांपूर्वीचं भांडण नव्याने रंगलं. कुणाला ते प्रेरणादायी वाटलं, कुणाला कंपनीची बदनामी, तर कुणाला चक्क भाटगिरी. शेवटी एकाने नेहमीचा निकाल देऊन टाकला, "दोन्ही बाजू नाराज आहेत ना? मग लेखक बरोबरच असणार." मला हे मुळीच पटत नाही. दोन बाजू दोन वेगळ्या चुकांवर नाराज असू शकतात, आणि लेखक दोन्हीकडे चुकलेला असू शकतो. तिथे वेळ संपली म्हणून उरलेलं इथे लिहितोय. पोस्ट लांब आहे.

स्टोन हे पत्रकार. ॲमेझॉनवर ते बरीच वर्षं लिहीत होते. असं पुस्तक लिहायला अजून फार लवकर आहे, असं जेफ बेझोस यांचं म्हणणं पडलं आणि त्यांनी पुस्तकासाठी मुलाखत दिली नाही. वरिष्ठ अधिकाऱ्यांना, घरच्यांना आणि मित्रांना मात्र बोलायची मुभा दिली. स्टोन यांनी आजी-माजी अधिकारी-कर्मचाऱ्यांच्या तीनशेहून जास्त मुलाखतींवर हे पुस्तक उभं केलं. फायनान्शियल टाइम्स आणि गोल्डमन सॅक्सचा त्या वर्षीचा सर्वोत्तम व्यवसायविषयक पुस्तकाचा पुरस्कारही त्याला मिळाला. न्यूयॉर्कमधली डी. ई. शॉ या गुंतवणूक कंपनीतली भरभक्कम नोकरी सोडून बेझोस यांनी १९९४ साली सिएटलजवळ बेलव्ह्यूच्या गॅरेजात मांडलेला डाव, दाराच्या फळ्यांना पाय ठोकून केलेली टेबलं, जुलै १९९५ मध्ये उघडलेली वेबसाइट. गोष्ट रंगते, आणि तिथेच खरी मेख आहे.

मॅकेन्झीबाईंची पहिली तक्रार वरवर अगदी किरकोळ वाटते. काझुओ इशिगुरो यांची 'द रिमेन्स ऑफ द डे' ही कादंबरी एका वयस्क बटलरची आहे, मागे वळून पाहताना हातून निसटलेलं आयुष्य दिसणाऱ्या माणसाची. नोकरी सोडावी की नाही या विचारात असताना बेझोस यांनी ती वाचली होती, म्हातारपणी पश्चात्ताप नको हे सूत्र त्यांना तिथून सुचलं, असं पुस्तकात येतं. बाई म्हणतात, जेफने ती कादंबरी वाचली ती ॲमेझॉन सुरू झाल्यावर वर्षभराने.

झालं. एका तारखेने आख्खा प्रसंग कोसळला. हे किरकोळ आहे असं आमच्या गटात बहुतेकांचं मत पडलं, माझं नाही. सन चुकला, आकडा चुकला तर तो पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होतो. इथे कार्यकारणभाव चुकलाय. गंमत अशी की नेमक्या याच धोक्याची सूचना बेझोस यांनी लेखकाला आधीच दिली होती. विचारवंत नसीम तालेब यांनी सांगितलेली माणसाची एक खोड आहे, घडून गेलेल्या गोंधळाला मागाहून सरळ गोष्टीत बसवण्याची. तिचं तुम्ही काय करणार, असं बेझोस यांनी स्टोनना विचारलं होतं. स्टोन यांनी तो प्रसंग प्रामाणिकपणे पुस्तकाच्या सुरुवातीलाच दिला, आणि पुढे ती खोड काही सुटली नाही.

दुसरी तक्रार जास्त वजनदार. 'बेझोसना वाटलं', 'बेझोस चिडले', 'बेझोसना काळजी लागली' अशी वाक्यं पुस्तकभर आहेत. ज्याच्या मनातलं सांगताय त्याची या पुस्तकासाठी मुलाखतच झालेली नाही, आणि या अंदाजांना तळटीपही क्वचितच आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं, असं बाई बजावतात. त्या स्वतः कादंबरीकार आहेत, प्रिन्स्टनला टोनी मॉरिसन यांच्या हाताखाली शिकलेल्या. दुसऱ्याच्या डोक्यात शिरून वाक्य कसं लिहायचं हे त्यांना व्यवसायानेच ठाऊक, त्यामुळे दुसऱ्याने ते केलेलं लगेच दिसलं. हॉलिवूड निदान 'सत्य घटनांवर आधारित' अशी पाटी लावतं, हा त्यांचा टोमणाही अचूक बसतो.

इथपर्यंत मी पूर्ण त्यांच्या बाजूचा. पण मुलाखत झाली नाही ती कुणामुळे? दार आतून लावून घ्यायचं आणि पाहुणा आत आलाच नाही म्हणायचं, हे मला जड जातं.

याच पुस्तकावर शेल कॅफन यांनीही तिथेच अभिप्राय लिहिलाय. कॅफन म्हणजे ॲमेझॉनचे पहिले कर्मचारी, वेबसाइटचा पाया घालणारे प्रोग्रामर. कंपनी वाढत गेली तसे ते बाजूला पडत गेले आणि १९९९ मध्ये बाहेर पडले. पुस्तकात तो भाग फार हळहळ लावणारा आहे. म्हणजे दुखावलेपण यांच्याकडेही आहे, हे गृहीत धरूनच वाचायला हवं. त्यांचं म्हणणं साधारण असं: मला जेवढं प्रत्यक्ष ठाऊक आहे तेवढ्यापुरतं पुस्तक अचूक आहे, इतक्या वर्षांनी, त्या धांदलीच्या दिवसांची तेव्हाची कागदोपत्री नोंद नसताना आणि काही मुख्य माणसं भेटत नसताना जितकं अचूक असू शकतं, तितकं.

दोघेही तिथे होते. दोघांनीही तेच पुस्तक वाचलं. माझ्यासाठी कॅफन यांचं हे एक वाक्य सगळ्या ताऱ्यांपेक्षा मोलाचं आहे, कारण ते पुस्तक आवडलं की नाही हे सांगत बसत नाही, पुस्तक कशापासून बनलंय ते सांगतं. आठवणींपासून.

मराठी वाचकाला हे भांडण नवं वाटायचं कारण नाही. सभासदाने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला शिवाजी महाराजांची बखर लिहिली. तो दरबारातला माणूस, 'मी तिथे होतो' म्हणण्याचा त्याला अधिकार होता. त्याच अधिकारात त्याची मर्यादाही होती. पुढे १८९८ साली इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, पानिपताच्या काळातली अस्सल पत्रं छापली, आणि प्रस्तावनेत बखरींच्या तारखा नि तपशील एकेक करून सोलून काढले. तरी बखरी वाचायचं कुणी सोडलं नाही, सोडूही नये. फक्त हातात बखर आहे की पत्र, हे माहीत असावं. 'द एव्हरीथिंग स्टोअर' ही बखर आहे. उत्तम बखर आहे. 'पूर्ण संशोधित इतिहास' अशा थाटात ती विकली गेली, एवढाच तिचा दोष.

आता कागदांचं. मॅकेन्झीबाई आपल्या अभिप्रायात एका संग्रहाचा उल्लेख करतात: जेफना वर्षानुवर्षं आलेल्या हजारो आभाराच्या संदेशांचा. त्यातले नमुनेही देतात, पुस्तकातल्या कडवट आठवणींना उत्तर म्हणून. मी तिथे थबकलोच. म्हणजे दफ्तर आहे! आणि ही तर ती कंपनी, जिथे बैठकीत पॉवरपॉइंट चालत नाही. सहा पानी टिपण लिहून आणायचं आणि सगळ्यांनी आधी गप्प बसून ते वाचायचं. सुरुवातीच्या धांदलीचे कागद नसतील, पण नंतरच्या वर्षांची टिपणं ढीगभर असणार. ती कंपनीच्या कपाटात आहेत. राजवाडे गावोगाव फिरून लोकांच्या माळ्यांवरचे रुमाल, म्हणजे जुन्या कागदांची बासनं, सोडवून घेत. आजच्या कंपनीच्या माळ्यावर कोण चढू देणार? ज्यांच्याकडे कागद आहेत त्यांनी त्यातले आभारपत्रांचे कागद तेवढे दाखवावेत आणि लेखकाला अचूकतेवरून एक तारा द्यावा, यातली विसंगती आमच्या गटात कुणाला टोचली नाही याचं मला नवल वाटलं.

वडिलांच्या प्रकरणावर बरीच चर्चा झाली, पण मी थोडक्यात सांगतो. बेझोस यांचे जन्मदाते वडील टेड जॉर्गेन्सन, एकेकाळी एकचाकी सायकलवर कसरती करणारे, नंतर ॲरिझोनात सायकलचं दुकान चालवणारे. स्टोन तिथे पोचेपर्यंत आपला मुलगा कोण झालाय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. पत्रकारिता म्हणून लाजवाब. कंपनीच्या इतिहासाशी संबंध? जवळपास शून्य. सगळ्यांना तेच प्रकरण सर्वांत जास्त लक्षात राहिलं, यात काय ते आलं.

खरा राग मला 'प्रेरणादायी' म्हणणाऱ्यांचा येतो. राग म्हणण्यापेक्षा वैताग. आपल्याकडे कंपनीचा इतिहास यशोगाथेच्या कप्प्यातच जाऊन बसतो. पुस्तक प्रदर्शनात तो सकाळी लवकर उठण्याच्या आणि श्रीमंत होण्याच्या पुस्तकांशेजारी मांडलेला असतो. या पुस्तकाच्या शेवटी बेझोस यांच्या वाचनाची यादी आहे, आणि अनेकांनी पुस्तकातून उचललं ते तेवढंच. त्या यादीत इशिगुरोही आहेत बरं का.

याचं एक उदाहरण देतो. छोट्या प्रकाशकांशी सौदा करताना चित्ता जसा आजारी हरणाला गाठतो तसं गाठायचं, या बेझोस यांच्या उपमेवरून ॲमेझॉनमधल्या एका मोहिमेला 'गझेल' नाव पडलं होतं, आणि मग वकिलांनी ते बदलून सपक सरकारी वाटेल असं नाव द्यायला लावलं, असं स्टोन लिहितात. आमच्या गटातल्या एका उद्योजक मित्राने या परिच्छेदाखाली रेघ मारून 'फोकस' असं लिहिलंय. त्याच्या शेजारी बसलेल्या बाई छोटी प्रकाशनसंस्था चालवतात. त्या काहीच बोलल्या नाहीत, नुसतं त्याचं पुस्तक हातात घेऊन ती रेघ पाहिली आणि परत दिलं.

पुस्तकाचे प्रकाशक लिटल, ब्राउन, म्हणजे हॅशेट समूह. पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, ई-पुस्तकांच्या किमतींवरून हॅशेट आणि ॲमेझॉनची जुंपली. हॅशेटच्या पुस्तकांची आगाऊ नोंदणी बंद, पोचवायला आठवडे. नोव्हेंबरात समेट झाला. पुस्तकातलं हरीण ते पुस्तक छापणाऱ्याच्याच अंगणात येऊन उभं राहिलं, हे कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने खोडलं असतं.

ज्या अभिप्रायांवर आपण वाद घालतोय ते तरी कुणाचे? मालकाची पत्नी, पहिला प्रोग्रामर, रिक डॅल्झेल यांच्यासारखे माजी वरिष्ठ अधिकारी. पुस्तकातही मुख्यतः बोलतात ती बैठकीच्या खोलीतली माणसंच. पेनसिल्व्हेनियात ॲलनटाउनजवळच्या गोदामात उन्हाळ्यात कामगार उष्म्याने कोसळत होते आणि बाहेर रुग्णवाहिका उभ्या असत, ही बातमी २०११ मध्ये काढली तिथल्या 'मॉर्निंग कॉल' या स्थानिक वृत्तपत्राने. त्या कामगारांपैकी कुणी या पुस्तकाला किती तारे दिले असते? मॅकेन्झीबाई म्हणतात, पुस्तकाने कडवट आठवणींना जास्त जागा दिली. मला वाटतं, कडवटपणासुद्धा वरच्या मजल्यावरचाच घेतलाय: कुणाचा बढतीत अपमान झाला, कुणाला मालकाचा नुसता प्रश्नचिन्हाचा ईमेल आला. पाय दुखण्याबद्दल फार कमी आहे.

मला विचाराल तर पुस्तकाला साडेतीन तारे. अर्धा तारा पुढेमागे वाढवेन, पण त्यासाठी दुसऱ्या बाजूचं काहीतरी वाचायला मिळायला हवं. ॲमेझॉनने भारतात २०१३ मध्ये दुकान उघडलं तेव्हा पहिलं गोदाम आपल्या भिवंडीत होतं. त्या पहिल्या वर्षी तिथे माल लावलेला, पॅकिंग केलेला, रात्रपाळी केलेला कुणी तुमच्या ओळखीत असेल तर मला मेसेज करा. आठवणी चालतील, पण पगाराची पावती, पाळीचा तक्ता, गेटपास असं काही जपून ठेवलं असेल तर आधी ते.