काळ्या पट्ट्या राहू द्या

टीव्हीवर घरचा जुना व्हिडिओ लावला आणि चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या, की घरातले कोणीतरी हमखास रिमोट मागून घेते आणि चित्र पडदाभर पसरवल्याशिवाय तो खाली ठेवत नाही. एवढा मोठा, महागाचा टीव्ही घेतला, मग त्याचा इतका भाग रिकामा का ठेवायचा, असा त्यामागचा हिशेब असतो. मला हा हिशेब मुळातच मान्य नाही. घरच्या व्हिडिओंची आपण जी हेळसांड करतो, तिच्यातली निम्मी तरी या एका हट्टापायी होते, असे माझे मत आहे.

व्हीएचएस कॅसेटवरचे चित्र ४:३ या प्रमाणात असते आणि आजचा टीव्ही १६:९ या प्रमाणात. ते चित्र आडवे ताणून पडदा भरला, तर उंची तेवढीच राहते आणि रुंदी मात्र ३३ टक्क्यांनी वाढते. १९९० च्या दशकात नागपुरातल्या महाल किंवा धरमपेठ भागातल्या एखाद्या मंगल कार्यालयात झालेल्या लग्नाची कॅसेट अशी लावली, की सडपातळ नवरी, किडकिडीत नवरदेव आणि पंगतीत वाढणारे मामा असे सगळेच एकदम अंगाने भरलेले दिसू लागतात. ज्यांनी ती माणसे पाहिलेली आहेत, त्यांचे मन हा फरक आपोआप दुरुस्त करून घेते. म्हणून मोठ्यांना त्यात काही वावगे वाटत नाही. पण ज्या नातवंडांच्या जन्मापूर्वीच आजोबा गेले, त्यांना हालते-बोलते आजोबा फक्त याच कॅसेटमध्ये भेटतात, आणि त्यांच्यापुरता आजोबांचा चेहरा म्हणजे टीव्हीने एकतृतीयांशाने फुगवलेला चेहराच खरा ठरतो. पडदा भरल्याच्या समाधानासाठी ही किंमत मला फार वाटते.

झूमचा पर्याय तर याहून वाईट आहे. त्यात माणसे जाड होत नाहीत, पण चित्राची पाव उंची कापली जाते, अर्धी वरून आणि अर्धी खालून. लग्नाच्या चित्रीकरणात वर काय असते, तर बाशिंग आणि मुंडावळ्या. खाली काय असते, तर अंतरपाटापाशी उभी राहिलेली लहान मुले. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राच्या आकाराचा पर्याय असतो. कोणी त्याला ‘पिक्चर साइज’ म्हणते, कोणी ‘अस्पेक्ट रेशो’. तिथे ‘४:३’ किंवा ‘ओरिजिनल’ निवडले की बहुधा काम भागते. शिवाय बरेच टीव्ही जुन्या सवयीने चारही कडा थोड्या छाटतात. तेव्हा ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘फिट टू स्क्रीन’ अशा नावाची सोय असेल, तर तीही सुरू करून पाहावी. कॅमेऱ्याने कोपऱ्यात उमटवलेली तारीख अर्धवट दिसत असेल, तर कडा छाटल्या जात आहेत असे खुशाल समजावे.

टीव्हीने ताणलेले चित्र रिमोटने सरळ करता येते. फाईलमध्येच ताणून ठेवलेल्याचे काय करायचे? आमच्या नात्यातल्या एका लग्नाची कॅसेट शहरातल्या एका दुकानात देऊन तिची फाईल करून घेतली गेली. दुकानदाराने गिऱ्हाईक खूश व्हावे म्हणून ती आधीच १६:९ मध्ये पसरवून दिली, आणि तीच फाईल अकोल्यापासून अमेरिकेपर्यंत सगळ्या नातेवाइकांकडे पोहोचली. आता ज्याच्या त्याच्या घरी रिमोट कितीही दाबला, तरी उपयोग नाही. त्यातल्या त्यात बरे एवढेच, की नुसते ताणलेले चित्र हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून पुन्हा मूळ प्रमाणात आणता येते. कापलेले चित्र मात्र कोणतेही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. म्हणून कॅसेट देतानाच दुकानदाराला स्पष्ट सांगावे, आणि जमल्यास कागदावर लिहून द्यावे, की चित्र ४:३ मध्येच ठेवायचे, कापायचे नाही आणि वर गाणी लावायची नाहीत.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवावी, कारण ती फारसे कोणी सांगत नाही. भारतातल्या कॅसेटी पाल या टीव्ही-चित्रणाच्या पद्धतीच्या आहेत. त्यात सेकंदाला २५ चित्रे असतात, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येते: एकदा विषम रेषा, एकदा सम रेषा, म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रे. ती नीट न जुळवता फाईल केली, तर अक्षता टाकणाऱ्या हातांच्या कडांना आडव्या रेषा दिसतात. घाईघाईने जुळवली, तर रेषा जातात, पण निम्मी हालचालही जाते आणि सगळे जण किंचित अडखळत वावरतात. ‘डीइंटरलेस’ करून, म्हणजे त्या प्रत्येक अर्ध्या चित्राचे पूर्ण चित्र करून, सेकंदाला ५० पूर्ण चित्रांची फाईल मागावी. संगणकात येणारे ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे (पिक्सेलचे) माप नेमके ४:३ नसते, त्यामुळे काही ठिकाणी माणसे जराशी उभट दिसतात. अंतिम फाईल ७६८ बाय ५७६ किंवा थेट १४४० बाय १०८० अशी केली, की हा गोंधळ कोणत्याही टीव्हीवर उरत नाही.

काळ्या पट्ट्यांची हीच भीती फोनच्या व्हिडिओंतही शिरली आहे. उभा धरलेल्या फोनचा व्हिडिओ टीव्हीवर लावला, तर तो पडद्याच्या एकतृतीयांशापेक्षाही कमी जागा व्यापतो. मग एडिटिंगच्या अॅपमधून दोन्ही बाजूंना त्याच चित्राची धूसर, फुगवलेली सावली भरली जाते, आणि मधे नात बोलत असताना कडेला तिच्याच फ्रॉकचा रंग हलत राहतो. यापेक्षा काळी पट्टी कितीतरी सभ्य. उभा व्हिडिओ नेहमी चुकीचाच, असेही मी म्हणणार नाही. नागपुरात तान्हा पोळा, म्हणजे लहान मुलांचा लाकडी नंद्यांचा पोळा, आणि मारबत या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक एकाच दिवशी असतात. इतवारीच्या गल्लीतून येणारी उंच पिवळी मारबत घ्यायची असेल, तर फोन उभाच धरला पाहिजे. पण त्याच संध्याकाळी लाकडी नंदी घेऊन बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागायला ओळीने निघालेली मुले उभ्या चौकटीत मावत नाहीत, दोन दिसतात आणि बाकीची राहून जातात. समोर काय आहे, ते पाहून फोन फिरवावा, आणि पुढे कधीही त्या निर्णयात टीव्हीला ढवळाढवळ करू देऊ नये.

पाठवण्याच्या बाबतीत माझा आग्रह याच जातीचा आहे: जे टिपले तेच पोहोचावे. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला व्हिडिओ आकुंचित होऊन जातो. फोनवर ते खपून जाते, पण तोच ५५ इंची पडद्यावर लावला, की चेहऱ्यांवर चौकोन दिसू लागतात. मग आत्या म्हणते, तुझा फोन काही बरा नाही. व्हिडिओ ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडला, तर तो जसाच्या तसा जातो आणि २ जीबीपर्यंतची फाईल चालते. आयफोनवर फोर-केमध्ये सेकंदाला ३० चित्रांनी घेतलेला व्हिडिओ मिनिटाला साधारण १७० एमबी भरतो, म्हणजे दहा-अकरा मिनिटांचे चित्रीकरण त्यात सहज बसते. त्याहून मोठे असेल, तर पेन ड्राइव्ह बरा. मात्र तो एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाईल त्यावर बसत नाही. एक्सफॅट केल्यास बसते, पण जुने टीव्ही एक्सफॅट वाचतीलच असे नाही. तसेच नव्या फोनची एचईव्हीसी या नव्या पद्धतीने आकुंचित केलेली फाईल जुन्या टीव्हीवर नुसता आवाज देते आणि पडदा काळा ठेवते. अशा घरी एच-२६४ या जुन्या पद्धतीची एक प्रत करून द्यावी. ज्येष्ठ नातेवाइकांना ‘फॉरमॅट सपोर्ट होत नाही’ एवढे सांगून मोकळे होणे मला बेपर्वाई वाटते. ज्याने पाठवले, त्याने पलीकडे ते दिसते की नाही, हेही पाहिले पाहिजे.

यूट्यूब जवळजवळ प्रत्येक स्मार्ट टीव्हीवर असते, म्हणून पुष्कळ जण तिथेच टाकतात. सोय उत्तम आहे, परंतु ‘अनलिस्टेड’ म्हणजे खासगी नव्हे. दुवा ज्याच्या हाती लागेल, तो पाहू शकतो, आणि आपल्याकडे दुवे कुठे कुठे फिरतात, हे सर्वांना ठाऊक आहे. लहान मुलांच्या व्हिडिओंसाठी तरी ‘प्रायव्हेट’ ठेवून मोजक्या लोकांना आमंत्रण द्यावे.

रंगांविषयी थोडेसे. दुकानात उठून दिसावा म्हणून टीव्ही ‘व्हिव्हिड’वर ठेवलेला असतो आणि घरी आल्यावरही तो तसाच राहतो; त्यात सगळ्यांचे चेहरे संत्र्यासारखे होतात, ज्याची नागपूरकरांना तरी काही गरज नाही. ‘मूव्ही’ किंवा ‘सिनेमा’ हा पर्याय त्वचेच्या रंगाला अधिक प्रामाणिक असतो. आवाजाकडे मात्र कोणीच लक्ष देत नाही. आपल्याकडे नातेवाईक जमतात ते मे महिन्यात, तेव्हा बैठकीत कूलर घरघरत असतो, आणि सपाट टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. जुन्या कॅसेटमधल्या आजीचे बोलणे अशा वेळी कोणाच्याच कानापर्यंत पोहोचत नाही. साधासा वेगळा स्पीकर जोडावा, किंवा तेवढा वेळ कूलर बंद ठेवून घाम पुसत बसण्याची तयारी ठेवावी.

हे सगळे करण्यासाठी मूळ कॅसेट वाजवता आली पाहिजे, आणि खरी अडचण तिथेच आहे. व्हीसीआर, म्हणजे कॅसेट वाजवणारे यंत्र, बनवणारी शेवटची जपानी कंपनी फुनाई, तिने २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. नवे यंत्र आता मिळत नाही. वर सांगितलेल्या लग्नाची मूळ कॅसेट सुदैवाने घरातच आहे, बुरशी लागलेली नाही, आणि ती पुन्हा एकदा नीट, ४:३ मध्ये उतरवून घ्यायची माझी इच्छा आहे. नागपुरात किंवा कामठी-हिंगण्याच्या बाजूला कोणाकडे चालू स्थितीतला, स्वच्छ हेडचा पाल व्हीसीआर असेल, तर कृपया कळवावे. कॅसेट घेऊन मी स्वतः येईन, यंत्र तिथून हलवावे लागणार नाही, आणि तुमच्या घरातल्या कॅसेटीही त्याच वेळी उतरवून देईन.