खुलासा: पीडीएफच्या ‘प्रॉपर्टीज’मधली तारीख हा पुरावा नव्हे

‘पीडीएफची प्रॉपर्टीज उघडा, तिथली तारीख म्हणजे करार त्याच दिवशी झाल्याचा पक्का पुरावा,’ असा मेसेज कोल्हापुरात मार्केट यार्डापासून शाहूपुरीपर्यंत फिरतोय. तो चुकीचा आहे. ती तारीख संगणकाच्या घड्याळावरून पडते. घड्याळ मागे घ्या, गुळाच्या सौद्याचा आजचा करार गेल्या दिवाळीचा होतो!

खरा डिजिटल टाइमस्टॅम्प वेगळा. फाइलचा हॅश, म्हणजे समजा एसएचए-256 या गणिती पद्धतीने फाइलवरून काढलेला 256 बिटांचा ठसा, त्रयस्थ यंत्रणेकडे जातो. ती त्याला आपल्या घड्याळाची वेळ जोडते आणि स्वतःची डिजिटल सही करून परत पाठवते. मूळ मजकूर तिला दिसतही नाही. पुढे कुणी एक स्वल्पविराम जरी हलवला, तरी ठसा जुळत नाही. (ही पद्धत 2001 च्या आरएफसी 3161 या इंटरनेट मानकात आहे, म्हणजे काही नवी नाही.) मात्र फाइल त्या वेळी अस्तित्वात होती, एवढंच त्यातून कळतं. आतला मजकूर खरा की खोटा, ते नाही.

आणि हो, सातबाऱ्याच्या प्रिंटवरची, डिजिटल सही वैध असल्याची हिरवी खूण ही निव्वळ शाई. सही तपासायला मूळ पीडीएफच लागते. तिथे पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं म्हणून लगेच बनावट ठरवू नका; अनेकदा तुमच्या संगणकात ‘रूट’ प्रमाणपत्र, म्हणजे ज्याच्या भरवशावर सही तपासली जाते ते, विश्वासार्ह म्हणून नोंदलेलं नसतं, इतकंच.