24 तास थांबायला कायदा सांगत नाही

गेल्या महिन्यात लालबागचे मामा संध्याकाळी सहाला दूध आणायला खाली उतरले ते परत आलेच नाहीत. दोन वर्षांपासून त्यांना विसरण्याचा आजार आहे. मामी रात्रभर चाळीच्या गॅलरीत बसून राहिली. पोलीस ठाणं दहा मिनिटांवर. का गेली नाहीस, विचारलं तर म्हणाली, "अरे, 24 तास झाल्याशिवाय लिहून घेत नाहीत ना? तो मेसेज नव्हता का आला?"

आला होता. मलाही तिघांनी पाठवला. ‘सिनेमा-मालिकांनी शिकवलेले पाच कायदे, जपून ठेवा’. त्यातला पहिलाच हा, की माणूस हरवला तर 24 तासांनंतरच तक्रार करता येते.

असा कायदा भारतात नाही. पडद्यावरचा इन्स्पेक्टर हे वाक्य इतक्या वेळा बोललाय की आपल्याला ते खरं वाटायला लागलंय. माणूस सापडत नाही हे लक्षात आलं की लगेच जाऊन मिसिंगची नोंद करता येते. मूल 18 वर्षांच्या आतलं असेल तर नुसत्या नोंदीवर भागत नाही, एफआयआरच, म्हणजे गुन्ह्याची रीतसर नोंदच, घ्यावी लागते. मुलांसाठी काम करणाऱ्या बचपन बचाओ आंदोलन या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मे 2013 मध्ये तसा आदेश दिलाय. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ललिता कुमारी खटल्याचा निकाल आला. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर मिळाली की एफआयआर नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, असं पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं. तो खटला उभाच राहिला होता एका बेपत्ता अल्पवयीन मुलीमुळे. वडील तक्रार घेऊन ठाण्यात गेले आणि ती वेळेत नोंदवली गेली नाही. मेसेज पुढे ढकलण्याआधी एवढा एक निकाल तरी वाचा.

कायद्यात 24 तास आहेत, पण ते पोलिसांना घातलेले. राज्यघटनेच्या कलम 22 प्रमाणे अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावं लागतं. घरच्यांनी हातावर हात ठेवून बसावं म्हणून ते नाहीत.

यात खरं असेल तर इतकंच, की मोठं माणूस आपल्या मर्जीने घर सोडून गेलं तर गुन्हा घडलेला नसतो, म्हणून एफआयआर होत नाही, मिसिंगची नोंद होते आणि शोध त्यावर चालतो. आणि हो, ‘वाट बघा, येतील रात्रीपर्यंत’ असं सांगणारे ठाण्यात भेटतात, हेही मान्य. पण ते त्या खुर्चीतल्या माणसाचं म्हणणं झालं. नोंदीचा नंबर मागा, टाळाटाळ केली तर वरिष्ठ निरीक्षकांना भेटा, तिथूनच 112 फिरवा.

बाकीचे चार मुद्दे पटकन. हद्दीबाहेरच्या ठाण्यात तक्रार घेत नाहीत म्हणे. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता घेतलेला एफआयआर, कुठेही करता येतो आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम 173 मध्ये ते सरळ लिहिलंय. पोलिसांसमोर कबुली दिली की खटला संपला म्हणे. ती कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध चालत नाही, 1872 च्या पुरावा कायद्यापासून हेच आहे. तिच्यातून एखादी वस्तू सापडली तर तेवढाच भाग धरतात. गीतेवर हात आणि न्यायाधीशाचा हातोडा? किल्ला कोर्टात एक दिवस बसून या, दोन्ही दिसणार नाहीत. आणि जन्मठेप 14 वर्षांची नसते, उरलेल्या आयुष्याची असते. सर्वोच्च न्यायालयाने हे 1961 मध्येच सांगितलंय. फाशीही होऊ शकते अशा गुन्ह्यात जन्मठेप झाली, तर शिक्षेत सूट मिळायला किमान 14 वर्षं आत काढावी लागतात, तिथून हा आकडा लोकांच्या तोंडी बसलाय.

मामा दुसऱ्या दिवशी दुपारी अंबरनाथच्या फलाटावर सापडले. करी रोडला गाडीत चढले होते. एका चहावाल्याने त्यांच्या खिशातली डायरी बघून फोन केला. आम्ही पोचलो तेव्हा मामा बाकावर बसले होते, मांडीवर दुधाची पिशवी, उन्हाने टम्म फुगलेली. मामी ती त्यांच्या हातातून सोडवून घेत होती आणि ते सोडत नव्हते.