दुव्यांची निरगाठ

दोरीला मारायच्या निरनिराळ्या गाठींची सचित्र माहिती देणारे संकेतस्थळ मी २००६ साली सुरू केले, तेव्हा जगाला या माहितीची निकड आहे याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पहिल्या पानाच्या तळाशी भेटींची संख्या दाखवणारा आकडा होता. महिनाअखेर तो ९४ वर पोहोचला आणि मला धन्य धन्य वाटले. परंतु तोच आकडा पाहण्यासाठी मी रोज तीन वेळा ते पान उघडत होतो, हे गणित ध्यानात आल्यावर उरलेल्या चार भेटी कोणाच्या, एवढाच प्रश्न शिल्लक राहिला.

संगणकाच्या व्यवसायातील एका मित्राने या दुखण्याचे निदान केले. "तुझ्याकडे कोणी बोट दाखवत नाही, हे खरे कारण आहे," तो म्हणाला. आपल्याकडे कोणी बोट दाखवू नये, याच बेताने आजवर जगत आलेल्या मला हे वाक्य पचायला थोडा वेळ लागला. मग त्याने समजावून सांगितले की, लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी १९९८ साली मांडलेल्या ‘पेजरँक’ या, गूगलच्या शोधात कोणते पान वर दाखवायचे ते ठरवणाऱ्या पद्धतीनुसार, एका पानाने दुसऱ्या पानाला दिलेला दुवा, म्हणजे लिंक, हे जणू मत असते. विद्वान मंडळी आपल्या निबंधात एकमेकांचे दाखले देतात, त्यावरूनच ही कल्पना निघाली. मात्र येथे सर्वांच्या मताला सारखे वजन नसते. ज्याला स्वतःला वजनदार मते मिळाली आहेत त्याचे मत वजनदार, आणि त्याने जितक्यांना मत दिले असेल तितक्यांत ते वजन वाटले जाणार. पेज आणि ब्रिन यांच्या मूळ प्रकल्पाचे नाव ‘बॅकरब’, म्हणजे पाठ चोळणे, असे होते, हेही त्याने सांगितले. या नावाचा उगम पाठीमागून येणाऱ्या दुव्यांत असला, तरी मी त्यातून माझ्या सोयीचा अर्थ काढला. आपण दुसऱ्याची पाठ चोळावी, त्याने आपली चोळावी आणि दोघांनी मिळून मोठे व्हावे, असा दुव्यांच्या देवाणघेवाणीचा मार्ग मला त्याच क्षणी दिसला.

त्या काळी न्याहाळकात (ब्राउझरमध्ये) बसवायच्या गूगलच्या टूलबारवर प्रत्येक पानाची पत ० ते १० अशा अंकांत दाखवणारी एक लहानशी हिरवी पट्टी असे. माझ्या पानावर तिच्यात हिरवा रंग औषधालाही नव्हता. ही पट्टी हिरवी करण्यासाठी मी पुढली काही वर्षे जी पत्रे लिहिली, तेवढी मी नोकरीसाठीही लिहिली नव्हती. "आदरणीय संचालक महोदय, आपले संकेतस्थळ पाहून मी भारावून गेलो," अशी प्रत्येक पत्राची सुरुवात असे, आणि खाली अत्यंत अदबीने अशी विनंती की, मी आपला दुवा माझ्या पानावर आधीच लावला असून आपणही माझा लावावा. भारावून जाण्याचे माझे प्रमाण इतके वाढले की, एका दिवसात मी सांडपाण्याच्या नळांनी, कृत्रिम दातांनी आणि तणनाशकांनी सारख्याच उत्कटतेने भारावलो. उत्तरे आली ती त्याच भाषेत. गाठींवरील आपले विवेचन वाचून डोळे पाणावले, असे मला एका दंतवैद्याने कळवले. उंटाच्या लग्नात गाढव गायला बसले आणि दोघांनी एकमेकांचे रूप आणि आवाज वाखाणला, ही जुनी गोष्ट मला माहीत होती. फक्त या लग्नात आपण उंट की गाढव, हे मला शेवटपर्यंत ठरवता आले नाही.

पत्रांपेक्षा त्यानंतरची राखण अधिक जिकिरीची ठरली. कोणाला दुवा दिला, कोणी परत दिला, आणि दिलेला अजून जागेवर आहे का, यासाठी मी एक वही घातली आणि दर रविवारी सकाळी ती घेऊन फेरी मारू लागलो. या क्षेत्रात शब्दाला जागणारी माणसे थोडी आहेत, हे मला तिथे समजले. एकाने माझा दुवा आठवडाभर ठेवून गुपचूप उतरवला होता. दुसऱ्याने तो चारशे दुव्यांच्या यादीत, केसांचे टोप आणि पाण्याच्या टाक्या यांच्या मधोमध बसवला होता, म्हणजे वाटणीचा हिशेब करता माझ्या पदरी त्याच्या वजनाचा चारशेवा हिस्सा येणार. तिसऱ्याने दुव्यांचे पान असे ठेवले होते की, त्याच्याच संकेतस्थळावरून तिथे जायला वाट नव्हती. चौथ्याची चलाखी मात्र मला मनापासून आवडली. दुवा डोळ्यांना दिसत होता, त्यावर टिचकी मारली की माझे पान उघडतही होते. परंतु आतल्या मजकुरात त्याने ‘नोफॉलो’ हा शब्द घातला होता. हा मत मोजू नये असे शोधयंत्राला सांगणारा शब्द असून, तो मुळात २००५ साली जाहिरातबाजांच्या आगंतुक दुव्यांना आळा घालण्यासाठी रूढ करण्यात आला होता. तोंडावर नमस्कार आणि पाठ फिरताच खूण, असा हा प्रकार.

मी मित्राकडे तक्रार केली, तेव्हा त्याने देवाणघेवाणीची एक प्रगत पायरी सांगितली. दोघांनी परस्परांना दुवे दिले तर संगनमत उघडे पडते, म्हणून पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला आणि तिसऱ्याने पहिल्याला द्यावा. मी ते करून पाहिले. तिसरा नाहीसा झाला आणि दुसरा आजतागायत मला जबाबदार धरतो.

या उद्योगात पैसा कोणाला मिळाला असेल, तर तो मध्यस्थाला. १९९६ साली सुरू झालेल्या ‘लिंकएक्स्चेंज’ या सेवेचा नियम असा होता की, सभासदाने इतरांच्या दोन जाहिरात-पट्ट्या दाखवाव्यात, म्हणजे त्याची एक पट्टी इतरत्र दाखवली जाईल, आणि उरलेली जागा कंपनीने विकावी. दोन वर्षांत मायक्रोसॉफ्टने ही कंपनी सुमारे साडेसव्वीस कोटी डॉलरना विकत घेतली. मला हे फार उशिरा कळले. कळले तेव्हा माझी वही भरत आली होती आणि पट्टी दोनच अंक हिरवी झाली होती.

मग २४ एप्रिल २०१२ हा दिवस उजाडला. गूगलने ‘पेंग्विन’ नावाचा बदल लागू केला, ज्याचा रोख बनावट दुव्यांवर होता. इंग्रजीतील शोधांपैकी सुमारे ३.१ टक्के शोधांवर त्याचा परिणाम होईल, असे कंपनीने सांगितले होते. माझ्यावर तो शंभर टक्के झाला. यात कोणाला बोल लावण्याची सोय नव्हती, कारण दुव्यांची अतिरेकी देवाणघेवाण चालणार नाही, असे नियमांत स्पष्ट लिहिले होते. फक्त मी नियम वाचण्याच्या वेळात दंतवैद्यांना पत्रे लिहीत होतो.

आता जी विनवणी लावण्यासाठी केली, तीच काढण्यासाठी करणे भाग पडले. "आदरणीय संचालक महोदय, कृपा करून माझा दुवा काढून टाकावा." सुरगाठ एका हिसक्यात सुटते, पण मी सहा वर्षे निरगाठी मारत बसलो होतो. पूर्वी आठवडाभरात दुवे उतरवणारी तीच मंडळी आता हलायला तयार होईनात. एकाने तर काढण्याची फी मागितली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, नको असलेले दुवे नाकारल्याची यादी पाठवण्याची सोय झाली, तेव्हा ज्यांच्यामुळे मी भारावलो होतो, त्या सर्वांची नावे वहीतून उतरवून, यांचा आणि माझा काही संबंध नाही, असे मी लिहून दिले. दंतवैद्याचे नाव लिहिताना जरा वाईट वाटले.

ही यादी करताना वहीत नसलेला एक दुवा सापडला. गिर्यारोहण शिकवणाऱ्या एका गृहस्थांनी, मी न मागता, न कळवता आणि बदल्यात काहीही न घेता तो दिला होता, आणि त्यांच्या पानाची पट्टी चांगली पाच अंक हिरवी होती. मी हरखून तो उघडला. शोधयंत्र दुव्यावरील शब्दांनाही महत्त्व देते, ज्या शब्दांवर दुवा असेल त्याच विषयाचे ते पान समजते, हे मला एव्हाना ठाऊक होते. दुव्यावर शब्द होते, "गाठ कशी मारू नये". उजवे टोक डाव्यावरून आणि मग डावे उजव्यावरून न्यायचे, तिथे माझ्या आकृतीत दोन्ही वेळा उजवेच नेले होते. अशी गाठ दिसायला पक्की असते आणि ताण बसला की निसटते.

ते शब्द मी शोधून पाहिले. माझे संकेतस्थळ पहिले होते.

आकृती अर्थातच दुरुस्त केली. परंतु चुकीची आकृती पुसली तर ते गृहस्थ दुवा काढतील, या भीतीने मी तिला ‘चुकीची’ अशी ठळक पाटी लावून पानाच्या अगदी माथ्यावर ठेवली आहे, आणि दर रविवारी सकाळी त्यांचे एकच पान उघडून तो दुवा जागेवर असल्याची खात्री करून घेतो.