कुरडयांचं हवामान खातं

काल वळीव आला, काकूंच्या कुरडया भिजल्या आणि खापर फुटलं माझ्या डोक्यावर. आधीच मायग्रेनने ठणकणाऱ्या डोक्यावर. माझं डोकं दुखलं की पाऊस येतो, असं काकूंचं ठाम मत.

"अगं, सकाळी विचारलं होतं ना तुला, डोकं दुखतंय का म्हणून?"

"सकाळी नव्हतं दुखत, काकू."

"मग कधी लागलं दुखायला?"

"साडेतीनला."

"आणि पाऊस आला पाचला! दीड तास हातात होता. एक फोन नाही करता आला?"

पडदे ओढून, उलटी थोपवत अंधारात पडलेल्या बाईने फोन करायचा! तीन दिवस गहू भिजवून काढलेला चीक, मला कळतं. पण हवामान खातं इथे शिवाजीनगरात आहे की.

"ते काहीही सांगतात. तुझं डोकं खोटं बोलत नाही."

याला कौतुक म्हणतात.

हवेचा दाब तसा रोजच खालीवर होतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. आपल्याकडे हा फरक ३-४ मिलिबारचा. खंडाळ्याचा घाट चढताना तर दाब ५०हून जास्त मिलिबारने उतरतो, आणि तरी अर्धी गाडी मजेत वडापाव खात असते. दाब उतरला की मायग्रेन उठतो, असं काही अभ्यासांत दिसलंय, काहींत नाही. वळवाच्या दुपारी दाब एकटा येतच नाही. उकाडा, दमट हवा, ढगांच्या कडेने डोळ्यांत घुसणारा पांढरा उजेड, रात्रीची अर्धवट झोप, कमी प्यायलेलं पाणी. वर त्या दिवशी उपास असला तर बघायलाच नको. म्हणून डोकेदुखीच्या वहीत दाबाबरोबर जेवणाची वेळ, झोप आणि पाळीची तारीखही लिहायची.

हे काकूंना सांगून डाळ शिजली नाही. आज त्यांनी स्वतःच फोनमध्ये दाब बघायला घेतलाय.

"तुझा फोन ९४५ म्हणतो, माझा १००७. माझा बिघडलाय का गं?"

बिघडला नव्हता. माझा फोन आतल्या सेन्सरवर इथला खरा दाब दाखवतो. त्यांचं हवामान ॲप तोच आकडा समुद्रसपाटीला नेऊन, म्हणजे पुणं समुद्राच्या पातळीवर असतं तर किती भरला असता ते, सांगतं. पुणं साधारण ५६० मीटर उंचावर, म्हणून ही तफावत. एकच आकडा धरायचा आणि तो काही तासांत किती घसरतो तेवढं बघायचं. काकू माझाच फोन घेऊन सहा मजले चढून गच्चीवर गेल्या आणि तिथून ओरडल्या, "दोनने उतरला गं! कुरडया काढू?"

तीन मजल्यांना एक मिलिबार जातोच, काकू. ढग नव्हता, जिना होता.

हसू येतं, पण राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. "पित्त असेल" म्हणत लोक बाम घेऊन येतात. मायग्रेनमध्ये अनेकांना उग्र वास सोसवत नाही, त्याने मळमळ वाढते. डॉक्टरांनी दिलेली ट्रिप्टानची, म्हणजे खास मायग्रेनवरची, गोळी दुखणं सौम्य असतानाच घ्यावी लागते. तीही महिन्यात दहा दिवसांच्या आतच, नाहीतर गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. साध्या वेदनाशामकांना ही मर्यादा पंधरा दिवसांची. पण सौम्य दुखत असताना माणूस धडधाकट दिसतो, म्हणून "लगेच गोळी कशाला?" विचारणारे हजर. तासाभराने पोट काही ठेवून घेईनासं झालं, की तेच लोक दारात उभे राहून विचारतात, "गोळी नाही का घेतलीस?"