चव्हाट्यावरचा ओटीपी

जुन्या छायाचित्रांवरचे डाग पुसून देणाऱ्या एका संकेतस्थळाने डागाला हात लावण्यापूर्वी माझा मोबाइल नंबर मागितला. छायाचित्र आत्याचे होते. तिच्या गालावर पडलेल्या डागाचा माझ्या नंबराशी काय संबंध, हे मला उमगेना. आजवर ज्यांना ज्यांना मी नंबर दिला, त्यांनी पुढे कर्ज घेण्याची, विमा उतरवण्याची आणि डोक्यावर केस उगवून घेण्याची इतकी गळ घातली होती, की या खेपेला खरा नंबर द्यायचा नाही, असा मी निश्चय केला. भाच्याने तोडगा काढला. "मामा, तात्पुरता नंबर घे. फुकट असतो. ओटीपी आला की विसरून जायचं."

अशा नंबरांची रांगच एका पानावर मांडलेली होती. पहिला दिला, तर "हा नंबर आधीच वापरलेला आहे" असे उत्तर आले. दुसऱ्याचेही तेच. तिसऱ्याला "कृपया वैध मोबाइल नंबर द्या" अशी समज मिळाली. भाच्याने खुलासा केला, की यांतले बरेच नंबर कोणत्याही सिमकार्डावर नसून इंटरनेटवरच नांदतात, आणि नंबर मोबाइलचा आहे, घरातल्या तारेच्या फोनचा आहे की इंटरनेटचा, हे समोरच्याला तपासता येते. म्हणजे मी तोंड लपवून दाराशी गेलो खरा, पण मुखवटा ओळखूनच मला हाकलले जात होते.

सातवा नंबर मात्र चालला. त्याच्या नावे येणारे सगळे संदेश त्याच पानावर, येईल त्याला वाचता येतील असे उघडे पडत होते. कुणाचा तरी पासवर्ड बदलण्याचा कोड, कुणाच्या खेळाच्या खात्याचा कोड, मग तिसऱ्याच कुणाचा. परक्याची पत्रे वाचू नयेत, हा संस्कार मी मोजून दीड मिनिट पाळला. ३ डिसेंबर १९९२ रोजी पाठवलेल्या जगातल्या पहिल्या एसएमएसमध्ये नाताळच्या शुभेच्छा होत्या. त्याच एसएमएसवर आता दिवसभर दारात उभे राहून सहा आकडे ओरडण्याची पाळी आली आहे. त्या आरडाओरड्यात अखेर माझेही सहा आकडे आले, खाते उघडले, आत्याचा गाल स्वच्छ झाला. घरातली आणखी चाळीस छायाचित्रे मी उत्साहाने तिथे चढवली आणि सल्ल्याप्रमाणे नंबर विसरून गेलो.

तीन आठवड्यांनी संकेतस्थळाने मला बाहेर काढले आणि आत येण्यासाठी "आपल्या नोंदणीकृत नंबरावर" कोड पाठवल्याचे कळवले. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले, की माझ्या घराची किल्ली मी चव्हाट्यावरच्या खुंटीला टांगून आलो होतो. भाच्याला फोन केला, तर तो म्हणाला, "अरे, महत्त्वाच्या खात्याला तो नंबर वापरायचा नसतो, हे सांगायचं राहिलं." सुदैवाने नंबर अजून त्या पानावर होता. मी पान पुन्हा पुन्हा ताजे करत बसलो, कोड दिसताच थरथरत्या बोटांनी टिपून घेतला, दोनदा पडताळून भरला आणि बटण दाबले.

"हा कोड आधीच वापरला गेला आहे," असे उत्तर आले.